धागा : ख्रिस्ती माणसाची ओळख आणि लिंगभाव, वर्गात काय सांगावे?

वसईची शिक्षिका

आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास पक्का करणाऱ्या विधीची, तयारी करणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांचा वर्ग मी घेते. या सत्रात ‘ख्रिस्ती माणसाची ओळख’ हा विषय आहे. देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला आणि बाप्तिस्म्याने आपण त्याची लेकरे झालो, इतके सांगून पाठ संपवावा असा माझा बेत होता. परंतु एका मुलीने विचारले की, आपण देवाचे प्रतिरूप असू तर आपले मुलगी असणे हा त्या प्रतिरूपाचा भाग आहे की त्यावरचे आवरण आहे? शेजारच्या मुलाने पुढचा प्रश्न लगेच जोडला : आवरण असेल तर ते बदलण्यास चर्चची हरकत का असावी, आणि भाग असेल तर पौल गलतीकरांना ‘पुरुष व स्त्री हा भेदच नाही’ असे का लिहितो?

मुलांनी हे मोबाइलवरून उचलले असेल असे म्हणून विषय झटकून टाकता आला असता. पण दोन्ही वचने त्या दिवशी मीच फळ्यावर लिहिली होती. उत्पत्ती १:२७ मध्ये ‘नर व नारी अशी ती निर्माण केली’ असे आहे आणि गलतीकरांस ३:२८ मध्ये तो भेद नाही असे आहे. ही दोन वचने एकत्र कशी वाचावीत? ख्रिस्ती विचारात माणसाची ओळख कशावर उभी आहे आणि तिच्यात लिंगभावाला, म्हणजे आपण स्त्री की पुरुष या जाणिवेला, कोठे जागा आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. घोषणा कोणत्याच बाजूच्या नकोत. त्या माझ्याकडे भरपूर जमल्या आहेत.

पारिजात

ताई, तुमच्या वर्गात मोठ्यांना प्रवेश मिळतो का? आमच्या दृढीकरणाच्या वर्गात बिशप काय विचारतील आणि आम्ही काय उत्तर द्यायचे, याखेरीज दुसरे काहीही झाले नव्हते.

नगरचा पाळकपुत्र

गलतीकरांच्या पत्रातले ते वचन सुटे वाचले की घोळ होतो. पौलाचा तिथला वाद अब्राहामाचा वारस कोण, याविषयी आहे. सुंता ही कराराची जुनी खूण होती आणि ती फक्त पुरुषाच्या शरीरावर होत असे. स्त्री त्या करारात बापाच्या किंवा नवऱ्याच्या आधाराने येत असे. बाप्तिस्मा मात्र यहूद्याला आणि हेल्लेण्याला (ग्रीकाला), दासाला आणि स्वतंत्राला, पुरुषाला आणि स्त्रीला एकाच पाण्याने होतो. म्हणून ‘भेद नाही’ याचा अर्थ वारसा मिळण्यात भेद नाही, असा मी घेतो. पौलाला स्त्री-पुरुष हा फरकच मिटवायचा असता तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याने स्त्रीच्या मस्तकावरील आच्छादनाविषयी आणि पुरुषाच्या केसांविषयी इतकी शाई खर्च केली नसती. माझे उत्तर असे की श्रेणी गेली आणि शरीर राहिले.

नास्तिक नाना

मी या मामल्यात परका आहे, तरी एक शंका विचारतो. त्याच अकराव्या अध्यायात पुरुषाने लांब केस राखणे त्याला अपमानास्पद आहे असे लिहिले आहे. मग माझ्या प्रत्येक ख्रिस्ती मित्राच्या दिवाणखान्यात येशूचे जे चित्र टांगलेले असते, ते काढणाऱ्या चित्रकाराला हे पत्र कोणी वाचून दाखवले नव्हते काय?

नगरचा पाळकपुत्र

नाना, चित्रकारांच्या पापांची क्षमा मागण्याचे काम मंडळीने अद्याप हाती घेतलेले नाही. पण तुमच्या विनोदात एक खरी गोष्ट आहे. केस किती लांब असावेत हे त्या त्या काळाचे संकेत ठरवतात आणि पौल करिंथच्या संकेतांत बोलत होता. संकेत बदलतात, ज्या फरकाचे ते संकेत आहेत तो फरक त्यांच्याबरोबर नाहीसा होतो, असे मात्र मला वाटत नाही.

मडगावकर

कॅथलिक शिकवणीपुरते बोलायचे तर त्या मुलीला स्पष्ट उत्तर देता येते : मुलगी असणे हे आवरण नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी करिंथकरांच्या पत्रावर भाष्य करताना ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’ असे म्हटले आहे. आत आत्मा हा खरा मनुष्य आणि बाहेर शरीर हे त्याचे घर, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की ख्रिस्ती लोकही तिला ख्रिस्ती शिकवण समजतात. अक्वायनस यांच्या मते आत्मा आणि शरीर मिळून एकच मनुष्य होतो, आणि म्हणूनच मेलेल्याचे नुसते आत्म्याने उरणे पुरेसे नसून शरीराचे पुनरुत्थान आवश्यक ठरते. शरीर जर मीच असेन, तर शरीराचे स्त्री किंवा पुरुष असणे हेही माझेच असणे आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३३३ व्या परिच्छेदात प्रत्येक स्त्रीने आणि पुरुषाने आपली लैंगिक ओळख मान्य करून स्वीकारावी असे जे म्हटले आहे, त्याचा पाया हा आहे.

८ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध झालेली ‘दिग्नितास इन्फिनिता’ ही व्हॅटिकनची घोषणा पूर्ण वाचण्यासारखी आहे. वर्तमानपत्रांनी तिच्यातले दोन-तीन परिच्छेद तेवढे उचलले. लिंगबदलाचा कोणताही हस्तक्षेप सामान्यतः गर्भधारणेपासून माणसाला मिळालेल्या अनन्य प्रतिष्ठेला बाधा आणण्याचा धोका पत्करतो, असे तिच्यात आहे. जन्मतः दिसणारे किंवा पुढे उद्भवणारे जननेंद्रियांतील दोष दूर करण्यासाठी केलेले उपचार यात येत नाहीत, हेही तिथेच लिहिले आहे. परंतु घोषणेचा पहिला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. प्रतिष्ठा चार अर्थांनी वापरली जाते : अस्तित्वाची, नैतिक, सामाजिक आणि जीवनस्थितीची. यांतली पहिली केवळ माणूस असल्यामुळे असते आणि ती कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही कृत्याने नष्ट होत नाही. वर्गात सुरुवात इथून करावी.

जुने पान

मडगावकरांनी शिकवण नेमकी मांडली आहे, पण ती पहिल्यापासून एकमुखी होती असा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालतो.

चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी ताईंच्या वर्गातलीच दोन वचने शेजारी ठेवली होती. त्यांनी काढलेला निष्कर्ष आज अनेकांना धक्का देईल. देव नर नाही आणि नारीही नाही, शिवाय ख्रिस्ताच्या ठायी तो भेद नाही असे पौल सांगतो. म्हणून जे देवाचे प्रतिरूप आहे त्यात हा भेद असू शकत नाही, असे ते म्हणतात. मनुष्य पतन पावणार हे देवाने आधीच जाणले आणि मानवजात टिकावी म्हणून नर-नारी हा भेद प्रतिरूपाला नंतर जोडला, असा त्यांचा उलगडा आहे. म्हणजे त्या मुलीला ग्रेगरी यांनी ‘आवरण’ असे उत्तर दिले असते.

पाश्चात्त्य चर्चचे आचार्य संत ऑगस्टीन यांनी याच्या उलट बाजू घेतली. पुनरुत्थानात सगळ्या स्त्रिया पुरुष होऊन उठतील असे मानणारे लोक त्यांच्या काळात होते. त्यांना ऑगस्टीन यांचे उत्तर असे होते की स्त्रीचे शरीर हा दोष नसून निसर्ग आहे. देवाने दोन्ही निर्माण केली आणि तो दोन्ही उठवील. पाश्चात्त्य चर्चमध्ये हे मत टिकले. आज हे मत परंपरावाद्यांचे मानले जाते, पण त्या काळी ते स्त्रियांच्या बाजूने होते, हे विसरून चालणार नाही. शरीराला ‘आवरण’ म्हणण्याची किंमत बहुतेक वेळा स्त्रीच्या शरीराने मोजली आहे.

मडगावकर

ग्रेगरी संत आहेत, पण त्यांचे प्रत्येक अनुमान ही चर्चची शिकवण नाही.

जुने पान

ऑगस्टीन यांचेही नाही.

शेवटचा बाक

मी मराठवाड्यातल्या एका लहान मंडळीची सभासद आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत माझे नाव मुलाचे आहे आणि गेली बरीच वर्षे मी स्त्री म्हणून जगते आहे. वरची चर्चा मी आदराने वाचली. मला अक्वायनस ठाऊक नाहीत, मात्र हा प्रश्न रविवारी सकाळी कोणत्या रूपात समोर येतो ते सांगू शकते.

आमच्याकडे उपासनेत पुरुष एका बाजूला बसतात आणि स्त्रिया दुसऱ्या. मी कोणत्या बाजूला बसावे यावर समितीत चर्चा झाली आणि निर्णय लागला नाही. म्हणून मी मागच्या आडव्या बाकावर बसते, जिथे उशिरा येणारे आणि रडणारी बाळे घेतलेल्या आया बसतात. प्रभुभोजनाला पुरुषांची रांग आधी उठते, मग स्त्रियांची, आणि सगळे झाल्यावर मी. पाळकसाहेब सज्जन आहेत. जुन्या नावाने हाक मारली तर मला वाईट वाटेल आणि नव्या नावाने मारली तर समितीला, म्हणून ते मला केवळ आडनावाने हाक मारतात. त्यामुळे मंडळीत आडनावाने ओळखली जाणारी मी एकटीच आहे. कलेक्टर आले तरी त्यांना इतका औपचारिक मान मिळत नसेल.

‘चुकीच्या शरीरात अडकलेला आत्मा’ हे शब्द माझ्याविषयी इतरांनी वापरले आहेत, मी कधीच नाही. मडगावकर म्हणतात तसे शरीर म्हणजे मीच, हे मला पटते. मला दुसरे शरीर मिळालेले नाही आणि याच शरीराने मी गुडघे टेकते. परंतु शरीर म्हणजे फक्त जन्मवेळी सुईणीने पाहिलेला भाग, असे का धरावे? माझे मन, माझी लाज, माझा आवाज चढतो-उतरतो ती तऱ्हा, हेही शरीरातच घडते. हा वाद मला जिंकायचा नाही. यशया ५६ वाचून मी विश्वासात टिकले आहे, एवढे मात्र सांगते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात ज्यांना परमेश्वराच्या मंडळीत येण्यास मनाई होती, त्याच षंढांना यशयाच्या तोंडून परमेश्वर आपल्या मंदिरात स्थान देतो आणि पुत्र व कन्या यांच्या नावांहून उत्तम नाव देण्याचे वचन देतो. माझ्या नावाचा प्रश्न समितीपुढे पडून आहे, म्हणून हे वचन मला जवळचे वाटत असावे.

पारिजात

आडनावाचा परिच्छेद वाचून आधी हसू आले आणि मग आले नाही.

नगरचा पाळकपुत्र

भगिनी, बाके आणि रांगा पवित्र शास्त्रात कोठेही नाहीत. वडिलांच्या मंडळीतही बाजू वेगळ्या होत्या आणि त्या गावाच्या रीतीतून आल्या होत्या. प्रभूच्या मेजाशी तुम्ही सर्वांत शेवटी एकट्या जाता, याचे समर्थन मी कोणत्याही वचनाने करू शकत नाही आणि करू इच्छित नाही.

तरीही आपल्यात मतभेद आहे आणि तो झाकणे हा तुमचा अनादर होईल. मनाला आतून जे जाणवते त्याला शरीराच्या साक्षीहून अधिक वजन द्यावे, असे मला शास्त्रात दिसत नाही. ‘मी कोण’ हे मी आत डोकावून ठरवत नाही. मला निर्माण करणारा ते सांगतो, आणि ते त्याने ज्या पहिल्या मार्गाने सांगितले तो मार्ग शरीर आहे. स्तोत्र १३९ मध्ये आईच्या उदरात घडवले जाण्याविषयी जे लिहिले आहे ते मी असेच वाचतो.

शेवटचा बाक

दादा, ते स्तोत्र मीही म्हणते. त्यात ‘हे परमेश्वरा, तू मला पारखले आहेस, तू मला ओळखतोस’ हे आधी येते आणि उदराचे पुढे येते.

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि रविवारी चर्चलाही जातो. या चर्चेत दोन वेगळे विषय एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून लिहितो.

पहिला विषय आंतरलिंगी बालकांचा. काही बाळांच्या बाबतीत जन्मतः दिसणारे लक्षण, गुणसूत्रे आणि संप्रेरके यांचा मेळ बसत नाही. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात एक्सएक्स गुणसूत्रे असलेल्या मुलीचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू शकतात, आणि त्याच विकाराच्या एका प्रकारात क्षार कमी होऊन बाळाच्या जिवाला धोका असतो. उलट, अँड्रोजेनला (पुरुषी संप्रेरकाला) शरीर अजिबात प्रतिसाद देत नसेल तर एक्सवाय गुणसूत्रे असलेली व्यक्ती मुलगी म्हणूनच वाढते आणि पाळी न आल्यामुळे तपासणी होईपर्यंत कोणालाही शंका येत नाही. ‘शरीर स्पष्ट बोलते’ हा पाळकपुत्रांच्या म्हणण्याचा आशय बहुसंख्यांच्या बाबतीत खरा आहे. या बालकांच्या बाबतीत शरीर काय बोलते हे आम्हालाही सहज वाचता येत नाही.

दुसरा विषय शरीरात असा कोणताही विकार नसताना जन्मतः नोंदलेल्या लिंगाशी लिंगभाव न जुळण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. त्याच वेळी अल्पवयीन मुलांना यौवन रोखणारी औषधे देण्यामागचा पुरावा दुबळा आहे, असे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांच्या अहवालाने एप्रिल २०२४ मध्ये दाखवून दिले. म्हणून ताई, तुमच्या वर्गातले एखादे मूल स्वतःविषयी असे काही बोलले तर त्याला लेबल लावण्याची घाई कोणत्याच बाजूने करू नका, एकट्याही पडू देऊ नका, आणि ते मूल स्वतःला इजा करण्याच्या विचारात नाही ना, हे आधी पाहा. धर्मशास्त्राची चर्चा त्यानंतर.

नास्तिक नाना

डॉक्टरसाहेब, या धाग्यावर बायबलमधले वचन न देता लिहिलेला हा पहिला मोठा प्रतिसाद आहे. दंड म्हणून आपण एक वचन द्यावे.

बालवैद्य

नाना, मत्तय १९:१२.

जुने पान

डॉक्टरांनी दंड म्हणून दिलेले वचन या विषयातले सर्वांत दुर्लक्षित वचन असावे. येशू तिथे तीन प्रकारचे षंढ सांगतो : आईच्या उदरातून तसे जन्मलेले, माणसांनी तसे केलेले, आणि स्वर्गाच्या राज्याकरिता स्वतःला तसे करून घेतलेले. पहिले दोन प्रकार त्याने नवे काढलेले नाहीत. यहूदी रब्बींच्या विधिचर्चेत जन्मजात आणि माणसाने केलेला असे दोन वर्ग होते. त्यांच्या विवाहाचे नियम मिश्ना या यहूदी विधिसंग्रहात सापडतात. तिसरा प्रकार येशूने स्वतः जोडला आहे. आणि हे सगळे तो केव्हा म्हणतो? आठच वचने आधी, त्याच अध्यायात, त्याने ‘नर व नारी’ हे उत्पत्तीतले शब्द स्वतः उद्धृत केलेले असतात. एकाच संभाषणात त्याला दोन्ही गोष्टी बोलता आल्या.

तिसऱ्या प्रकाराचा शब्दशः अर्थ घेणारेही निघाले. म्हणून ३२५ साली निकाया येथील परिषदेला आपल्या पहिल्याच नियमात स्पष्ट करावे लागले की, निरोगी असताना ज्याने स्वतःचे खच्चीकरण केले त्याला धर्मगुरुपदावर राहता येणार नाही, पण ज्याचे वैद्याने आजारामुळे किंवा रानटी लोकांनी वा मालकांनी जबरीने केले असेल त्याला राहता येईल.

मडगावकर

हे वचन ब्रह्मचर्याविषयी आहे, लिंगभावाविषयी नाही. शिष्य म्हणतात की घटस्फोटाचा नियम इतका कडक असेल तर लग्न न केलेले बरे, आणि त्यावर येशूचे हे उत्तर येते. त्यातून आजच्या ट्रान्सजेंडर ओळखीचे समर्थन काढणे म्हणजे मजकुराकडून बळजबरीने कबुली घेणे आहे. निकायाचा नियमही माझ्याच बाजूचा आहे : निरोगी शरीर कापू नये आणि आजारी शरीरावर उपचार करावा, हीच २०२४ च्या घोषणेची भूमिका आहे.

जुने पान

समर्थन मी काढत नाही. ‘नर व नारी’ म्हटल्यावर त्या चौकटीत न बसणारी माणसे येशूला दिसत होती आणि ती चौकट मोडणारी माणसे म्हणून त्याने त्यांना दटावले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चने डिसेंबर २०१८ मध्ये एक मार्गदर्शन काढले. लिंगांतरण केलेल्या व्यक्तीचे मंडळीत स्वागत करताना बाप्तिस्म्याच्या वेळच्या विश्वासाची पुन्हा ग्वाही देण्याचा जो विधी आधीपासून आहे, तो वापरावा, असे त्यात सुचवले आहे. बाप्तिस्मा दुसऱ्यांदा दिला जात नाही, कारण तो एकदाच होतो. व्यक्तीने नवे नाव घेतले असेल तर पाळक त्या नावाने तिला संबोधतात. यावर इकडे मोठा वाद झाला. त्याने नवी शिकवण मागच्या दाराने आत येते, असे अनेक अँग्लिकनांनी लिहिले.

रोमचे, म्हणजे कॅथलिक चर्चचे, उत्तर पाहा. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झालेल्या टिपणात, ट्रान्सजेंडर व्यक्तीला, तिने संप्रेरके घेतली असली किंवा शस्त्रक्रिया केली असली तरी, इतरांप्रमाणेच अटींवर बाप्तिस्मा मिळू शकतो असे म्हटले आहे. भाविकांत जाहीर गोंधळ होण्याचा किंवा त्यांच्या विश्वासाला ठोकर बसण्याचा धोका नसावा, ही अट आहे. धर्ममाता-धर्मपिता होण्याचा हक्क नाही, पण स्थानिक धर्मगुरूच्या विवेकाने परवानगी मिळू शकते. लिंगांतरणाविषयी दोन्ही चर्चची मते दूर दूर आहेत. तरी दोघांनीही प्रश्न शेवटी बाप्तिस्म्याच्या पाण्याशी नेऊन ठेवला आहे, हे मला लक्षणीय वाटले. माणसाची ओळख तिथे ठरते, यावर त्यांचे एकमत दिसते.

केडगाव लाइन

विषय थोडा वाकडा होतो आहे, पण मराठी ख्रिस्ती माणसे ओळखीविषयी बोलतात आणि पंडिता रमाबाईंचे नाव निघत नाही, हे बरे नव्हे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा भारतातल्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली : त्यामुळे भारतीय स्त्रियांमधली त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. रमाबाई संतापल्या. ज्या गोष्टीला त्यांच्या ब्राह्मण वडिलांनी आणि पतीने कधी हरकत घेतली नव्हती, तिला ख्रिस्ती धर्माधिकारी हरकत घेत होते. भर सभेत पुरुषांपुढे पुराण सांगत हिंडलेल्या बाईला हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

स्त्री असणे आणि स्त्रीने कसे असावे याविषयीचे समाजाचे नियम, या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. आपण स्त्री आहोत हे त्यांनी कधी नाकारले नाही. उलट पुढचे सगळे काम, केडगावचे मुक्ती सदन धरून, स्त्रियांसाठीच होते. परंतु स्त्री म्हणजे काय हे बिशपांनी सांगावे, हे त्यांनी मान्य केले नाही. आजच्या मुलींना हा फरक सांगण्याची गरज आहे. फुटबॉल खेळते आणि केस कापते म्हणून ‘तू मुलगी आहेस का?’ असे चर्चच्या अंगणात विचारले जाते. मग घरी येऊन तिने तोच प्रश्न स्वतःला विचारला तर दोष कोणाचा?

मडगावकर

या मुद्द्यावर मी केडगाव लाइन यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मुलीने स्वयंपाक करावा आणि मुलाने रडू नये, ही चर्चची शिकवण नाही. आम्हीच ती शिकवण म्हणून विकतो आणि नंतर मुले गोंधळली म्हणून तक्रार करतो.

नास्तिक नाना

मडगावकर पूर्ण सहमत झाले, याची नोंद संपादकांनी घ्यावी. दरम्यान मी अनुवाद २२ वाचून आलो. पुरुषाने स्त्रीचा पोशाख घालू नये असे पाचव्या वचनात आहे. फादरांच्या पायघोळ झग्याविषयी मी काही बोलत नाही. आठव्या वचनात मात्र घराच्या गच्चीला कठडा बांधावा असे आहे, आणि हा नियम आमच्या सोसायटीने कसोशीने पाळलेला आहे.

जुने पान

पोशाखाचाच विषय निघाला म्हणून संत मरीनाविषयी सांगतो. लेबनॉनमधील कादिशा दरीत तिची परंपरा आजही जिवंत आहे आणि ऑर्थोडॉक्स चर्च व लेबनॉनमधले मारोनी कॅथलिक चर्च तिला संत मानतात. आई वारल्यावर वडील मठात निघाले, तेव्हा मुलाचा वेश घेऊन तीही गेली आणि मारिनोस या नावाने संन्यासी झाली. पुढे एका खानावळवाल्याच्या मुलीने आपल्या बाळाचा बाप म्हणून या बंधूचे नाव घेतले. मरीनाला एका वाक्यात निर्दोष ठरता आले असते. ती गप्प राहिली, मठाबाहेर घालवली गेली आणि ते बाळ तिने दारात बसून वाढवले. मृत्यूनंतर देहाला स्नान घालताना मठाला सत्य कळले.

गंमत अशी की चौथ्या शतकातील गंग्रा येथील परिषदेने, तपस्येच्या नावाखाली पुरुषाचा वेश घेणाऱ्या स्त्रीला शापित ठरवले होते. नियम कायम राहिला आणि तिचे संतपदही राहिले.

नगरचा पाळकपुत्र

या कथेत तिची ओळख पटवली ती शरीराने.

शेवटचा बाक

आणि इतकी वर्षे देवाने जी प्रार्थना ऐकली ती बंधू मारिनोसची होती.

पारिजात

एकाच कथेतून दोघांना आपापले हवे ते मिळाले.

वसईची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात वर्ग पुन्हा झाला आणि त्याच मुलाने आणखी एक प्रश्न काढून ठेवला : पुनरुत्थानात आपण ना लग्न करणार ना लग्न करून देणार, असे लूक २० मध्ये आहे, तर मग तिथे स्त्री-पुरुष असण्याचा उपयोग काय? मी त्याला ऑगस्टीन यांचे मत सांगितले आणि योहान २० वाचायला दिले, जिथे उठलेला ख्रिस्त थोमाला हातावरचे व्रण दाखवतो. ज्याचा आता उपयोग नाही तेही त्याच्या शरीरावर राहिले. उपयोग संपला म्हणून शरीराचा इतिहास पुसला जात नाही, इतके त्यातून निघते असे मला वाटते. त्यापुढे मी गेले नाही.

आता मूळ प्रश्नाविषयी. त्या मुलीला मी ‘आवरण नाही’ हेच उत्तर देणार आहे. मी धर्मग्रामाच्या वतीने शिकवते आणि ती आमच्या चर्चची शिकवण आहे. शिवाय जुने पान यांनी स्त्रीच्या शरीराविषयी जे लिहिले त्यानंतर ते मला अधिक मनापासून सांगता येईल. पण क्रम बदलणार आहे. आधी बाप्तिस्मा आणि कधीही न हरवणारी प्रतिष्ठा, मग उत्पत्ती, मग गलतीकर, आणि पाठाच्या शेवटी प्रेषितांची कृत्ये ८ मधील कूशी (इथिओपियाच्या) षंढाची गोष्ट. तो रथात बसून यशयाचा ५३ वा अध्याय वाचत असतो. आणखी तीन अध्याय पुढे गेला असता तर त्याला स्वतःविषयीचे वचन भेटले असते. पाणी दिसताच तो फिलिप्पाला विचारतो की माझा बाप्तिस्मा होण्यास काय हरकत आहे. फिलिप्प रथातून त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो. कोणत्या रांगेतून, हे ती गोष्ट सांगणाऱ्या लूकने लिहिलेले नाही.

मडगावकर

ताई, क्रम उत्तम आहे. फक्त त्या षंढाच्या गोष्टीनंतर मुले ‘म्हणजे काहीही चालते’ असा अर्थ काढणार नाहीत, याची काळजी घ्या. फिलिप्पाने आधी त्याला शास्त्र उलगडून सांगितले होते.

वसईची शिक्षिका

सांगितले होते, आणि ते त्याच्या शेजारी रथात बसून. दोन्ही गोष्टी फळ्यावर लिहीन.

शेवटचा बाक

ताई, पाठ झाल्यावर मुलांनी काय विचारले ते इथे जरूर लिहा. आमच्या पाळकसाहेबांना या धाग्याचा दुवा पाठवला आहे. त्यांनी समितीची बैठक लावली असून विषयपत्रिकेत ‘प्रभुभोजनाच्या रांगांची फेरमांडणी’ असा विषय घातला आहे. माझे नाव त्यात नाही, आडनावही नाही; तरी विषय आला आहे.

नगरचा पाळकपुत्र

त्या बैठकीसाठी वडिलांच्या जुन्या मंडळीने दोन्ही बाजू एकत्र केल्या तेव्हाचा ठराव हवा असेल तर मला निरोप करा, प्रत काढून पाठवतो.